आमची मंडळी नक्की कधी सुरू झाली? स्मरणिकेसाठी मदत हवी

पेटीवाली

नमस्कार. मी दौंडची. आमची छोटी पेन्टेकॉस्टल मंडळी आहे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारं ख्रिस्ती चर्च. रविवारी ६०-७० माणसं, नाताळला शंभरावर. मी उपासनेत पेटी वाजवते आणि रविवारशाळेची पोरं सांभाळते. एवढ्याच पात्रतेवर सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतला 'मंडळीचा इतिहास' माझ्या गळ्यात पडलाय. चारच पानं आहेत, पण पहिल्या ओळीलाच गाडी अडली: 'आपल्या मंडळीची स्थापना ____ साली झाली.'

ज्याला विचारावं त्याचं साल वेगळं. पास्टर म्हणतात १९७६, कारण त्या वर्षी त्यांचे वडील केरळातून इथे आले आणि मंडळीचे पहिले पाळक झाले. त्याच हिशेबानं २०२६ ला सुवर्णमहोत्सव ठरलाय. खजिनदार म्हणतात १९८३, कारण ट्रस्ट त्या साली झाला आणि 'कागदावर असेल तेच खरं'. एक वडीलधारे भाऊ थेट १९०५ वर जातात. म्हणतात, आपली मुळं पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात आहेत, तसंच लिही.

या १९०५ ला कारण माझ्याच घरातलं आहे. माझ्या आजीची सासू छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळात गुजरातेतून मुक्तीत आलेली पोर. तिथे अग्नी, म्हणजे पवित्र आत्मा, उतरला तेव्हा ती १२-१३ वर्षांची होती म्हणे. एकीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या आणि दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की लहानपणी मला वाटायचं बादली आमचीच होती.

आजी आता ९१ ची आहे. तिला विचारलं तर म्हणते, "संपाच्या साली सुरू झाली. पास्टर नंतर आले." पुढे विचारलं की डोळे मिटून साक्षच, म्हणजे देवानं तिच्यासाठी काय केलं तेच, सुरू करते.

आणखी एक. १९९३ साली मंडळी फुटली. तिसरा हिस्सा माणसं गेली. त्याबद्दल लिहायचं की नाही, यावर कमिटीत कुणी तोंड उघडत नाही.

कुणी असलं काम केलंय का? कुठून सुरुवात करू?

कागदकीडा

आयुष्यभर ट्रस्टांच्या फायली चाळल्या आहेत, तेव्हा माझ्याकडून कागदांपुरतं ऐका.

पुण्याच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून तुमच्या ट्रस्टचा पीटीआर (सार्वजनिक ट्रस्टांच्या नोंदवहीचा) उतारा आणि शेड्यूल वनची नक्कल काढा. घटनेची प्रत आणि आजवरचे सगळे चेंज रिपोर्टही मागा. विश्वस्त मेला, राजीनामा दिला किंवा नवा आला की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत तो कळवावा लागतो. ९० दिवस कुणी पाळत नाही ते सोडा. पण चेंज रिपोर्ट ओळीनं लावले की कोण कधी आलं, कोण कधी रुसून गेलं, ते न बोलता समोर येतं. ९३ चं तिथे नक्की दिसेल.

मात्र खजिनदारांना सांगा, नोंदणी म्हणजे जन्म नव्हे. बहुतेक छोट्या मंडळ्या जागा घ्यायची किंवा बँकेत खातं उघडायचं म्हटल्यावरच नोंदणी करतात. त्याआधी पाच-दहा वर्षं त्या कुणाच्या तरी ओसरीत भरत असतात.

दुसरं म्हणजे लग्नं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे प्रत्येक पाळकाला लग्न लावता येत नाही. बिशपकडून दीक्षा झालेल्या पाळकांचं ठीक, पण स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला सरकारचं लायसन्स लागतं. तुमच्या पास्टरांना ते कधी मिळालं पाहा. त्याआधीची तुमच्या लोकांची लग्नं दुसऱ्याच चर्चच्या रजिस्टरात सापडतील.

बाप्तिस्म्याच्या रजिस्टराची फार आशा धरू नका. तुमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नसतो, बाळाचं नुसतं समर्पण होतं, आणि मोठ्यांना नदीवर नेऊन बुडवतात. नदीवर कोण रजिस्टर नेतो? ट्रंकेतले दाखले शोधा, फोटोच्या मागचे स्टुडिओचे शिक्के पाहा. घरच्या शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, पहिलं कोरं पान तर आधी उघडा. जन्म, मरण, बाप्तिस्मा, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

केडगावकडची

तुमची बादली ओळखीची निघाली.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीतल्या बायका-मुलींना रोज खास प्रार्थनेला जमायला सांगितलं. सुरुवातीला ७० जणी होत्या, जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. वेल्समधल्या संजीवनाच्या (धार्मिक जागृतीच्या) बातम्या तेव्हा येत होत्या. जूनच्या अखेरीस एका रात्री मुलींच्या खोलीत तो प्रकार झाला. मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई तिथे काम करत होत्या, त्यांनी तो लिहून ठेवलाय, बादलीसकट. म्हणजे तुमच्या पणजीबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं असेल, किंवा मुक्तीत राहणाऱ्या प्रत्येकीप्रमाणे शंभरदा ऐकलं असेल. ती तिथे होती एवढं लिहा, बादली तिच्या हातात देऊ नका.

याचं महत्त्व मात्र कमी लेखू नका. पेन्टेकॉस्टल चळवळीचा इतिहास लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटपासून सांगायची पद्धत आहे. ती सभा एप्रिल १९०६ ची. केडगावचं त्याच्या आधीचं. अब्राम्सबाईंनी १९०६ मध्ये त्यावर पुस्तिका काढली आणि त्याच वर्षाअखेरच्या सुधारित आवृत्तीत अन्य भाषांचा, म्हणजे प्रार्थनेत तोंडून अनोळखी भाषा येण्याचा, उल्लेख घातला. तिची एक प्रत त्यांनी चिलीतल्या वालपराइसो शहरी आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचा नवरा तिथे मेथडिस्ट पाळक होता, विलिस हूव्हर. १९०९ ला तिथे संजीवन झालं, १९१० ला ते लोक मेथडिस्टांपासून वेगळे झाले आणि चिलीतली पेन्टेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दौंडहून पुण्याला जाताना जे स्टेशन आपण झोपेत मागे टाकतो, तिथून ही गोष्ट निघाली.

तरी तुमची मंडळी १९०५ ची होत नाही. रमाबाईंनी पेन्टेकॉस्टल पंथ काढला नाही. त्यांचं लक्ष शेती, छापखाना, शाळा, मराठी शास्त्राचं भाषांतर यांत होतं. १९२२ ला त्या गेल्या आणि मुक्ती आश्रमच राहिली. तुमच्या घरापर्यंत पोचली ती पणजीची प्रार्थनेची रीत. त्यावर एक छान परिच्छेद होईल, स्थापनेचं साल होणार नाही.

आता आजीबद्दल. आपल्या माणसाला 'इतिहास सांगा' म्हटलं की तो साक्ष देतो. आजार होता, डॉक्टरांनी हात टेकले, प्रार्थना झाली, उठून बसलो. साक्षीत 'मग' असतं, साल नसतं. म्हणून देवाबद्दल विचारूच नका. खोली कुठली होती? खाली काय अंथरलं होतं? चहा कुणी केला? कुठलं गाणं म्हटलं? उकडत होतं की पाऊस होता? तारीख तिथे सापडते.

पेटीवाली

केडगावकडची ताई, तुमची युक्ती चालली! शनिवारी आजीजवळ बसले, मोबाईल उशीखाली रेकॉर्डिंगला ठेवला.

खोली रेल्वे क्वार्टरमधली, आमचीच. आजोबा लोको शेडमध्ये फायरमन. संप सुरू झाला तेव्हा अटकेच्या भीतीनं ते नातेवाइकांकडे जाऊन राहिले. मागे आजी, शेजारची एक आणि पलीकडच्या लायनीतली एक, अशा तिघी. तिघींचे नवरे संपावर. तिघी जुन्या मिशनच्या चर्चला जाणाऱ्या. तिथे मोठ्यानं प्रार्थना केलेली चालत नसे आणि क्वार्टरमध्ये आवाज बाहेर गेला तर शेजारी काय म्हणतील ही भीती. म्हणून रात्री खिडक्या लावून स्टोव्ह पंप मारून पेटवायच्या आणि त्याच्या भरभर आवाजात प्रार्थना करायच्या. स्टोव्हवर काहीच नाही! आजीला आजही त्या रॉकेलची हळहळ आहे. "रेशनचं होतं गं," म्हणते.

संप मिटला. आजोबा परत आले. "त्याच्या पुढच्याच रविवारी पेन्टेकॉस्ट होता," असं ती ठासून सांगते. सकाळी चर्चला जाऊन आल्या, दुपारी परत खोलीत बसल्या, आणि पलीकडच्या लायनीतली बाई अन्य भाषा बोलायला लागली. बाकी दोघींना वाटलं तिला ताप चढला. त्या दिवशी स्टोव्ह पेटवलाच नव्हता, त्यामुळे सगळ्या चाळीनं ऐकलं. पुढच्या रविवारपासून १०-१२ बायका यायला लागल्या आणि त्या मागच्या चर्चला परत गेल्या नाहीत. पास्टर दोन वर्षांनी आले. त्यांना बोलावणारं पत्र आजीनंच कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलं होतं.

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. आणि हो, घरच्या शास्त्राचं पहिलं पान उघडलं, ते वाळवीनं खाल्लंय.

कागदकीडा

वाळवी आमच्या धंद्याची भागीदारच आहे. तरी आजीचं पडताळून पाहता येतं.

देशभरातला रेल्वेचा संप ८ मे १९७४ ला सुरू झाला, २७ मे ला मागे घेतला. २७ तारखेला सोमवार होता. त्या वर्षी ईस्टर १४ एप्रिलला आला. ईस्टरचा रविवार धरून पन्नासावा दिवस म्हणजे पेन्टेकॉस्ट, मोजा: २ जून १९७४, रविवार. संप मिटल्यानंतरचा पहिलाच.

आजी अगदी बरोबर आहे. ५० वर्षांपूर्वीच्या दोन गोष्टी तिनं एकमेकींना जोडून ठेवल्या आणि दोन्ही पंचांगात बसल्या. एवढा पक्का पुरावा मला ट्रस्टांच्या फायलींतसुद्धा क्वचितच मिळाला.

आता कमिटीची पंचाईत अशी की तुमचा सुवर्णमहोत्सव २०२४ लाच होऊन गेला.

सतरंजीवाला

फुटीबद्दल लिहितो, कारण मी दुसऱ्या बाजूचा आहे. तुमच्या नव्हे, दुसऱ्या गावच्या मंडळीतल्या.

आमचे आई-वडील बाहेर पडले तेव्हा मी ९ वर्षांचा होतो. कारण आजवर कुणी सरळ सांगितलं नाही. काही म्हणतात दशांशाचा (कमाईचा दहावा भाग मंडळीला द्यायचा त्याचा) हिशेब, काही म्हणतात शिकवणूक. मला आठवतं ते एवढंच की सतरंज्या वाटल्या गेल्या. १४ होत्या, आम्हाला ५ मिळाल्या. वडील त्या सायकलच्या कॅरियरला बांधत होते आणि मंडळीतले एक काका, ज्यांच्याशी वडील दोन महिने बोलत नव्हते, ते मागून सायकल धरून उभे होते. पडू नये म्हणून.

पुढे जुन्या मंडळीची स्मरणिका निघाली. त्यात आमच्या नावाचं एक अक्षर नव्हतं. गटफोटोत आई दिसते, खालच्या नावांत तिच्या जागी टिंबं. तिनं ते पान दुमडून ठेवलंय.

कोण बरोबर कोण चूक यात पडू नका, चार पानांत ते मावणारही नाही. 'अमुक साली इतकी कुटुंबं वेगळी झाली आणि अमुक ठिकाणी जमू लागली' एवढं लिहा. फोटोखाली सगळ्यांची नावं द्या. आणि छापायच्या आधी त्यांच्यातल्या एकाला तरी वाचून दाखवा.

केडगावकडची

सतरंजीवाला यांना अनुमोदन.

आणि पेटीवाली, त्या तिघींची नावं लिहाल तेव्हा नवऱ्याच्या नावानं 'सौ. अमुक तमुक' लिहू नका. त्यांची स्वतःची नावं शोधा. मुक्तीतल्या शेकडो जणी गावोगाव बायबल-बाई म्हणून, म्हणजे बायबल सांगत, गेल्या. अहवालांत त्या कित्येकदा 'बायबल वुमन, ३' अशा नुसत्या आकड्यात उरल्या आहेत.

पेटीवाली

काल कमिटीची बैठक झाली, म्हणून शेवटचं कळवते.

२ जून १९७४ ऐकून पास्टर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बॅनर छापून आलाय, त्यावर '१९७६-२०२६' आहे. खजिनदार म्हणाले बॅनरचे पैसे दिलेले आहेत. शेवटी ठरलं की बॅनर तोच राहील, पण त्याखाली 'पाळकसेवेची ५० वर्षे' अशी पट्टी चिकटवायची. इतिहास मात्र क्वार्टरमधल्या खोलीपासून सुरू होणार. पास्टरांनी स्वतःच वडिलांच्या कागदांतून आजीचं ते इंग्रजी पत्र शोधून आणलं. खाली तिघींच्या सह्या आहेत, एकीचा अंगठा.

९३ ची तीन वाक्यं लिहिली आहेत. तिकडच्या एका काकूंना परवा घरी जाऊन वाचून दाखवणार आहे. हातपाय गार पडलेत.

पहिला परिच्छेद आजीला वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "स्टोव्ह माझा नव्हता, शेजारणीचा होता. रॉकेल माझं. ते आधी नीट कर."