सिग्नलवरच्या घाईला नावं द्या

बी-७०३ : सोसायटीच्या ग्रुपवरची मंडळी, सिग्नल तोडणाऱ्याला आपण सगळेच बोल लावतो. पण ठाण्यात आपल्या मानपाड्याच्या सिग्नलला रोज जे चालतं, त्यातलं निम्मं सिग्नल न तोडताच चालतं. त्याला नाव नाही, म्हणून कोणी टोकतही नाही. दोन मी सुचवते. इंचसरक्या : लाल असताना ब्रेक सैल करत गाडी बोटबोटभर पुढे नेणारा. पट्टीखाऊ : त्याचीच पुढची पायरी, चाकं थेट झेब्रा पट्ट्यांवर. सकाळी आपल्या आज्या नातवंडांना घेऊन तिथूनच रस्ता ओलांडतात. गाडी सरकली की थबकतात, पोराचं मनगट घट्ट धरतात आणि बंपरला वळसा घालून बाइकच्या मधून वाट काढतात. तेवढ्यात हिरवा पडतो. त्या मधल्यामध्ये अडकतात.

ए-१०४ : अगदी खरं, ताई. भोंगेघाई राहिली. लाल ३ दाखवतोय आणि मागून हॉर्न सुरू.

सी-५०१ : हॉर्न नाही दिला तर पुढचे मोबाइलमधून मान वर काढत नाहीत, त्याचं काय?

ए-१०४ : दादा, हिरवा झाल्यावर एखादा खरंच झोपला असेल तर एकदा द्या. पण पहिली गाडी हलली, मग दुसरी, मग तिसरी, असं करतच रांग सुटते. दहाव्या गाडीने कितीही वाजवलं तरी तिच्या पुढच्या नऊ आधी हलायला हव्यात. मुंबई पोलिसांनी तर काही सिग्नलना आवाज मोजायचं यंत्र जोडलं होतं. ८५ डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल पुन्हा पहिल्यापासून. २०२० मध्ये त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता.

ए-१२०२ : मी नोकरीभर रस्त्यांचीच कामं केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका बाजूला लाल पडला की दुसऱ्या बाजूला लगेच हिरवा देत नाहीत. मधले एक-दोन सेकंद सगळ्याच बाजू लाल ठेवतात, चौकात उरलेलं वाहन बाहेर पडावं म्हणून. शेपूटधऱ्या पुढच्या बसच्या मागोमाग लाल पडल्यावरही घुसतो, तो हेच सेकंद खातो. आणि उसनहिरव्या आपला सिग्नल बघतच नाही. आडव्या रस्त्याचा लाल झाला की तोच आपला हिरवा समजून सुटतो, म्हणजे तोही तेच सेकंद खातो. दोघे एकाच वेळी चौकाच्या मधोमध येतात. ताशी ४० ने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. आपली अख्खी पार्किंगची लेन एवढीच लांब आहे. मला या दोघांचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, इंचसरक्याची नाही.

बी-७०३ : काका, गाडीत बसलेल्यांसाठी ते खरं. पायी चालणाऱ्याला मात्र इंचसरक्याच आधी लागतो.

ए-१२०२ : मान्य.

सी-५०१ : मागे अँब्युलन्स असली तर? तेव्हा पट्टी ओलांडावीच लागते.

बी-९०२ : तसं ओलांडणं पट्टीखाऊत धरायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अँब्युलन्सला वाट न देण्याला १०,००० रुपये दंड आहे. त्याच दुरुस्तीने सिग्नल तोडणं सरळ धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलंय, कलम १८४.

ए-१०४ : आमच्या धाकटीने आजच मागच्या सीटवरून ‘बाबा, इंचसरक्या!’ म्हटलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. सगळ्यांनी घरात पोरांना ही नावं सांगा, आपण ऐकतो ते त्यांचंच.

सी-५०१ : ठीक, हॉर्नचं पटलं. एक नाव अजून हवंय. सर्व्हिस रोडने भरधाव येऊन सगळ्या रांगेच्या तोंडाशी आडवा घुसतो त्याला काय म्हणायचं?

बी-९०२ : तोंडघुश्या.

ए-१२०२ : चालेल. पुढे वाघबीळच्या सिग्नलला असे जास्त दिसतात.