वॉटर रिंग व्हॅक्यूम पंप सोमवारी ट्रिप होतो आणि दुपारी आवाज करतो

प्रश्न (अंबड):
नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका अन्नप्रक्रिया कारखान्याच्या देखभालीचे काम दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. टोमॅटोचा रस आटवण्याच्या यंत्राला वॉटर रिंग व्हॅक्यूम पंप जोडलेला असून त्याचे सील वॉटर (पंपाच्या आत कडे करून हवा अडवणारे पाणी) एका लहान टाकीतून फिरत राहते. रविवारच्या सुट्टीनंतर पंप सुरू केला की मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते, म्हणजे जास्त भार येऊन आपोआप बंद पडते. पुढे सकाळभर तो शांत चालतो, परंतु दुपारी दोनच्या सुमारास केसिंगमध्ये (पंपाच्या आवरणात) खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि व्हॅक्यूम गेजचा काटा ६६० मिमीच्या (पाऱ्याच्या) पुढे सरकत नाही. पुस्तिकेत मात्र ७२० लिहिले आहे. इम्पेलर (पंपातील फिरणारे पात्यांचे चाक) बदलावा असे वरिष्ठांचे मत आहे. तत्पूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (सातपूर):
इम्पेलरला तूर्त हात लावू नका. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत व्हॅक्यूम दाखवतो आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी धरतात. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे तो ७०७ मिमीच्या आसपास असतो. म्हणजे पंप कितीही चांगला असला तरी ७२० येथे दिसणारच नाही. त्यातून सील वॉटरच्या वाफेचा दाब वजा होतो. पाणी २५ अंशांवर असेल तर तो सुमारे २४ मिमी असतो, ३५ अंशांवर सुमारे ४२ मिमी होतो. ७०७ मधून ४२ गेले की ६६५ उरतात, आणि आपला काटा ६६० वर थांबतो! तेव्हा पंप आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचलेला असून आतील पाणी उकळण्याच्या बेतात आहे, असे मला वाटते. वाफेचे बुडबुडे फुटतात त्याचाच तो खडीसारखा आवाज. असेच चालू राहिले तर इम्पेलरला खड्डे पडतील आणि मग तो खरोखरच बदलावा लागेल. टाकीतील पाण्याचे तापमान दुपारी मोजा, ताजे पाणी सोडून पाहा, आणि प्रक्रियेला चालत असेल तर ६२० च्या आसपास हवा आत घेणारा रिलीफ व्हॉल्व्ह सक्शनवर (पंप हवा ओढतो त्या नळीवर) बसवा.

उत्तर २ (सिन्नर):
सोमवारच्या ट्रिपचे कारण बहुधा रविवारी उघडा राहिलेला किंवा गळणारा पाण्याचा व्हॉल्व्ह असावे. केसिंग काठोकाठ भरले की मोटरला ते सगळे पाणी एकदम ढकलावे लागते. सुरू करण्यापूर्वी ड्रेन उघडून पाण्याची पातळी शाफ्टच्या मध्यापर्यंत आणा. मात्र पंप कोरडाही चालवू नका, कारण शाफ्टवरचे सील जळायला फार वेळ लागत नाही. त्यानंतर कपलिंग (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग) हाताने फिरवून पाहा. बोअरचे पाणी वापरत असाल तर क्षार साचून इम्पेलर जाम झालेला असू शकतो.

येथे एक कळकळीची विनंती आहे. कपलिंगला हात लावण्यापूर्वी आयसोलेटर (मोटरची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप घाला आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो तेथे एक सहकारी गार्ड (कपलिंगवरचे संरक्षक झाकण) काढून कपलिंग फिरवत असताना पॅनेलपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्याने बटण दाबले. शर्टाची बाही ओढली जाऊन मनगट मोडले. तो आवाज मी विसरलेलो नाही. गार्ड बसवल्याशिवाय मोटरला वीज देऊ नका.

मोटरची वायर सोडून जोडली असेल तर क्षणभर चालवून फिरण्याची दिशा बाणाशी ताडून पाहा. मोटर सुरू होताच सील वॉटर सोडा आणि सक्शन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. बंद करताना आधी सक्शन व्हॉल्व्ह बंद करा, पंपाकडील व्हॅक्यूम तोडा, आणि मोटर थांबवताच पाणीही बंद करा. म्हणजे सोमवारी केसिंग भरलेले सापडणार नाही. सक्शनवरचा एनआरव्ही (उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह) नीट बसतो का हेही पाहा, अन्यथा वीज गेल्यावर टाकीतील पाणी उलटे खेचले जाऊन थेट रसाच्या यंत्रात शिरेल.

प्रश्नकर्ता (अंबड):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज दुपारी टाकीतील पाणी ३६ अंशांवर होते. ताजे पाणी सोडल्यावर वीस मिनिटांत आवाज थांबला आणि काटा ६७५ वर गेला. पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही थेंब थेंब गळत होता, तो उद्या बदलतो आहे. आयसोलेटरसाठी कुलूप आजच मागवले.