जुन्या वादक-गायकांची दोस्ती : तुमच्या घरातल्या आठवणी सांगा

भाऊबीजेपासून आपल्याकडे नागपूरच्या बाजूला गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा लागतात, आणि मंडईच्या रात्री खडी गंमत नाहीतर दंडार, ही आपली लोकनाट्यं, असतातच. यंदा गावी उभा राहून ऐकताना बाबांची फार आठवण आली. ज्यांच्या घरात शाहीर, झीलकरी (मागे सूर धरणारे), ढोलकीवाले, खंजिरीवाले होऊन गेले, त्यांनी त्यांच्या जन्माच्या दोस्त्यांबद्दल जरूर लिहावं, खाली नावाऐवजी नागपुरातल्या आपल्या वस्तीचं नाव टाकावं. ही माणसं गेली की सांगणारं कोणी राहत नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. बाबा मौद्याकडच्या एका पार्टीत तुणतुणं धरायचे. ढोलकीवाले नात्यातले नव्हते, पण आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो. खडी गंमतीत रात्रभर उभंच राहायचं असतं. शाहीर पुढे, झीलकरी मागे, ढोलकी कमरेला बांधलेली. पहाटे तीन-साडेतीनला बाबांना उभ्या-उभ्या डुलकी लागायची. बोट तारेवर चालूच असायचं, पण लय मागे पडायला लागायची. मोठेबाबा हात न थांबवता अर्धं पाऊल सरकून ढोलकीचं कडं बाबांच्या कोपराला टेकवायचे. बाबा जागे. समोरच्या हजार माणसांत कोणाला पत्ता लागत नसे. मी लहानपणी घोंगडीवर बसून हे पाहिलं आहे. चाळीस वर्षं ते कडं त्याच कोपराला लागत होतं.
— नंदनवन

आमचे आजोबा तुऱ्याचे शाहीर, त्यांचे जिगरी दोस्त कलगीचे. शाहिरीतले हे दोन पक्ष, तुरा शिवाचा, कलगी शक्तीची, त्यामुळे फडावर दोघं समोरासमोर. सवाल-जवाब असे रंगायचे की नवख्याला वाटावं, आता मारामारी होते. एकदा आजोबा सवालात अडले, उत्तर काही सुचलं नाही. चार दिवसांनी दोस्त कामठीहून सायकलनं घरी हजर. ‘जवाब लिहून घे. उद्या दुसऱ्या कोणी हाच सवाल टाकला तं काय करशीन?’ आजोबांची ती वही माझ्याकडे आहे. अर्धी पानं आजोबांच्या अक्षरात, अर्धी त्यांच्या. हरवणाऱ्यानंच शिकवावं, हे मला आजही फार मोठं वाटतं.
— इतवारी

सासरे खंजिरी भजनातले. तुकडोजी महाराजांना (1909–1968) त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून खंजिरी सुटली नाही. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं, मग आवाज बसतो. सासरे आणि त्यांचे मित्र आमच्या चुलीपुढे बसून खंजिऱ्या शेकायचे, एकमेकांची वाजवून पाहायचे, आणि मी भाकऱ्या टाकत ऐकायची. पुढे मित्राची नजर गेली. तरी महाराजांच्या पुण्यतिथीला, अश्विन वद्य पंचमीला, दोघांचं मोझरीला, महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात जाणं ठरलेलं. अमरावती रस्त्याची एसटी, मित्राचा हात सासऱ्यांच्या खांद्यावर. महाराजांच्या निर्वाणाच्या वेळेला, 4 वाजून 58 मिनिटांनी, हजारो लोक गुरुकुंजात मौन उभे राहतात. एका वर्षी मी सोबत होते. मित्राची बोटं दिवसभर सासऱ्यांच्या खांद्यावर ठेका धरून होती. मौन सुरू झालं तशी ती थांबली. त्यांना वेळ कोणी सांगितली नव्हती. आजूबाजूची शांतता कळली असेल म्हणा, पण मला वाटतं सासऱ्यांचा श्वास कळला.
— प्रतापनगर

आमचे बाबा आणि त्यांचे पेटीवाले मित्र, दोघांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर सोबतच दीक्षा घेतली आणि पुढे भीमगीतंही सोबतच गायली. एप्रिलमध्ये तर रोज नवी वस्ती. एका आयोजकानं ठरलेल्या बिदागीतली अर्धीच हातावर ठेवली. पेटीवाल्या काकांची मुलगी तापानं फणफणली होती. बाबांनी सगळे पैसे त्यांच्या खिशात घातले आणि घरी आईला सांगितलं, आज समाजासाठी फुकट गायलो. खरी गोष्ट आम्हाला बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी कळली. त्याच मुलीनं सांगितली, उभी राहून, सगळ्यांसमोर.
— इंदोरा

मंचावरची नाही, पण आईची गोष्ट सांगू का? भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आमच्या महाल वस्तीतल्या चौघी. एक लग्नानंतर पुण्याला गेली. दर कोजागिरीला आई फोनजवळ खिरापतीचा डबा खुळखुळ वाजवायची आणि पलीकडून ती मावशी आत काय आहे ते ओळखायची. ‘फुटाणे!’ बहुतेक वेळा बरोबर.
— महाल

नंदनवनच्या दादा, मोठेबाबा आहेत का अजून?
— इतवारी

आहेत. कान पार गेलेत. बाबा असताना ते घरी यायचे, बाबा तुणतुणं लावायचे आणि मोठेबाबा तारेवर अंगठा दाबून सांगायचे, ‘ढिलं हाये, पीळ अजून.’ बाबा पिळायचे. बाबा गेले तेव्हा तेराव्याला आले, खुंटीवरचं तुणतुणं काढलं आणि तार उतरवून ठेवली. मला म्हणाले, ‘ताणून ठेवलं तं कातडं बसते बाप्पा. मी येईन तवा चढवू.’ दर वर्षी मंडईच्या आधी येतात. मी खुंटी पिळतो, ते अंगठा दाबतात. वाजवत कोणीच नाही. चहा होतो, मग परत उतरवून ठेवतो.
— नंदनवन