मदत हवी आहे: तालमीच्या फोटोंसाठी ४०० चा रोल किती पुश करावा?

मंडळी, एका नाटकाच्या तालमीचे कृष्णधवल फोटो फिल्मवर काढायचे आहेत. कॅमेरा ३५ मिमीचा, पूर्ण मॅन्युअल. लेन्स ५० मिमी, एफ १.८. फ्लॅश अर्थातच नाही. नट बिथरतात आणि प्रकाशयोजनेची सगळी मेहनत सपाट होते.

रोल इलफर्ड एचपी५ प्लस. आहे ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची गती, प्रकाश टिपण्याची क्षमता), पण १६०० धरून वापरायचा आणि डेव्हलपिंगची वेळ वाढवायची, म्हणजेच पुश करायचा, असा विचार आहे. दोन स्टॉप (म्हणजे दोनदा दुप्पट) पुश केल्यावर ग्रेन (दाणेदारपणा) आणि कॉन्ट्रास्ट वाढणार, ते चालेल. ग्रेन तर मला आवडतोच. पण सावल्यांचं काय? जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे डेव्हलपर (फिल्म डेव्हलप करायचं रसायन) तरी काय करणार? अंधारात उभ्या असलेल्या नटाचे डोळे गेले ते गेलेच. त्यापेक्षा इलफर्डचीच जास्त गतीची फिल्म, डेल्टा ३२००, घ्यावी का? तिचीही खरी गती १००० च्या आसपासच आहे म्हणा.

दुसरा घोळ प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा. मागे काळा पडदा असला की मीटर त्याला करडा करायला बघतो आणि चेहरे पांढरेफटक येतात. तुम्ही चेहऱ्याजवळ जाऊन रीडिंग घेता, की स्पॉट मीटर (लांबून छोट्याशा भागाचाच प्रकाश मोजणारा) वापरता? आणि प्रसंगागणिक दिवे बदलतात तेव्हा?

(‘डिजिटल वापर’ असं कृपया सांगू नका. ३६ फ्रेममध्ये कुठला क्षण सोडायचा, हे ठरवण्यातच खरी मजा आहे.)

मायक्रोफेन आणि डी-७६ या दोन्ही डेव्हलपरांत पुश केलेल्यांनी सावल्यांमधला फरक सांगितला तर फार बरं होईल.