मदत हवी आहे : एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकआधी काठमांडूत आजारी पडले आहे, पुढे जावे की थांबावे?

नमस्कार. मी सध्या काठमांडूत, ठमेलमधल्या एका गेस्ट हाउसमध्ये एकटीच आहे. परवा सकाळी माझे ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचे विमान आहे आणि इथे पोचल्यापासून पोट बिघडल्यामुळे मी खोलीबाहेर जवळपास पडलेलेच नाही. पहिल्या रात्री थंडी वाजून ताप आला, त्यानंतर जुलाब आणि मळमळ सुरू झाली. ताप आता उतरला आहे, जुलाब बरेच कमी झाले आहेत आणि रक्त कधीच पडलेले नाही. मात्र औषधाच्या दुकानापर्यंत जिना उतरून परत वर आले तरी पाय लटपटतात. दुकानदाराने ‘जीवन जल’ नावाच्या पुड्या दिल्या आहेत, आपल्याकडच्या ओआरएससारख्याच. त्या लिटरभर पाण्यात कालवून मी दिवसभर घोट घोट घेत आहे.

हंगामात लुक्लाची बहुतेक विमाने काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. म्हणजे मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तास वळणावळणांच्या रस्त्याने गाडीत बसायचे, मग विमानाने २८६० मीटरवरच्या लुक्लाला उतरायचे, त्याच दिवशी फाकदिंगपर्यंत चालायचे आणि दुसऱ्या दिवशी नामचेची चढण, जी एका दिवसात साधारण ८३० मीटर उंची वाढवते. मी पाठीवर वजन घेऊन सिंहगड पुष्कळदा चढले आहे. परंतु आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरचे, त्यामुळे साडेतीन हजार मीटरवर माझे शरीर कसे वागते हे मला धडधाकट असतानाही ठाऊक नव्हते. ज्यांच्यामार्फत ट्रेक ठरवला ते फोनवर “सावकाश चाला, होईल ठीक” एवढेच सांगतात आणि तारीख बदलायची तर दसैं सणाच्या गर्दीत जागा मिळणे कठीण आहे असेही सांगतात.

दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो. इथे दसैं सुरू आहे, म्हणजे आपले नवरात्रच. दुकाने एकेक करून बंद होत आहेत, गच्च्यांवरून पतंग उडत आहेत आणि जो तो आपल्या गावी निघाला आहे. काल गरम पाणी आणायला खाली गेले, तेव्हा मालकीणबाईंच्या देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळूत पेरलेले जव उगवून आलेले दिसले, ऊन न लागल्यामुळे पिवळेधमक. आमच्या सांगलीच्या घरी आईने बसवलेला घट अगदी तसाच दिसतो. या मालकीणबाईंनी, म्हणजे दिदींनी, माझ्यासाठी जाउलो केला होता, हळद घातलेली आसट खिचडीच ती. दोन घास गेले आणि मग रडू येऊ लागल्याने पुढचे जाईनात. आईला फोनवर “मजेत आहे” असे सांगितले आहे. ती इथले धागे वाचत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

वेळापत्रकात नामचे आणि दिंगबोचे येथे एकेक विश्रांतीचा दिवस आहे आणि लुक्लाच्या लहरी हवामानासाठी एक दिवस राखीव ठेवला आहे. तो राखीव दिवस इथेच खर्च करावा का? आजारपणाचा अशक्तपणा आणि उंचीचा त्रास यांतला फरक वर गेल्यावर कसा ओळखावा? आणि घरी परतावेसे वाटते आहे ते आजारामुळे की खरोखरच मला हे झेपणारे नाही म्हणून, हे अशा अवस्थेत कसे ठरवावे?

प्रतिसाद १

ताई, मी डॉक्टर आहे आणि या वाटेने गेलो आहे. तरीही तपासल्याशिवाय केवळ वाचून दिलेला हा सल्ला आहे, त्यामुळे उद्या तिथल्या एखाद्या डॉक्टरांना दाखवाच. परवा जाऊ नका. जुलाबांनंतर शरीरात पाणी कमी असले की डोके दुखते, मळमळते, भूक लागत नाही आणि थकवा येतो. उंचीच्या त्रासाची सुरुवातही नेमकी याच लक्षणांनी होते. नामचेत डोके दुखू लागले तर ते कशामुळे, हे तिथे तुम्हालाच काय, मलाही सांगता येणार नाही. म्हणून नियम असा, की वर गेल्यावर होणारा असा प्रत्येक त्रास उंचीचाच आहे असे धरून चालायचे, त्याच उंचीवर थांबायचे आणि वाढला तर खाली उतरायचे. हा नियम निभवायचा असेल तर निघतानाच शरीर पूर्ववत असायला हवे.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, बरोबर असेल तर ती आत्ताच सुरू करू नका. ती लघवी वाढवते आणि तुमच्या शरीरातले पाणी अजून भरून यायचे आहे. सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. लघवी फिकट रंगाची होऊ लागली, दोन वेळचे जेवण पोटात टिकले आणि रात्रीची झोप लागली, की काठमांडूतल्याच टेकडीवरच्या स्वयंभू स्तूपाच्या पूर्वेकडच्या ३६५ पायऱ्या सावकाश चढून पाहा. त्या चढून आल्यावर पुन्हा आडवे व्हावे लागले, तर लुक्ला अजून दूर आहे.

राखीव दिवस इथे अवश्य वापरा, परंतु त्याच्या बदल्यात नामचे किंवा दिंगबोचे येथील विश्रांती कापू देऊ नका. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे बंधन आजारी आणि निरोगी दोघांनाही सारखेच आहे. दिवस कमी पडले तर ३८६० मीटरवरच्या तेंगबोचेपर्यंत जाऊन परत या. हवा मोकळी असेल तर एव्हरेस्ट आणि अमा दब्लम तिथूनही दिसतात. पुढे गेलातच, तर फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदत केंद्र आहे, हंगामात तिथे डॉक्टर असतात. विम्यात हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च किती उंचीपर्यंत धरला आहे, तेही आजच वाचून ठेवा.

प्रतिसाद २

डॉक्टरांशी सहमत आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. परत फिरण्याचा निर्णय पोटात अन्न नसताना आणि रात्री घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ट्रेक सुरू झाल्यावर संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात शेगडीभोवती माणसे जमतात, गप्पा होतात आणि एकटेपणा पुष्कळ हलका होतो. तुम्ही आत्ता बंद खोलीत आणि सणाच्या दिवसांत आहात, त्या मानाने ही सर्वांत वाईट वेळ आहे. आईला खरे सांगा. वर नामचेपर्यंत फोन लागतो, पण तिथून पुढे रेंजचा भरवसा नाही. अशा वेळी तिला आधीच खोटे सांगितलेले असले, की प्रत्येक न लागलेला फोन तुम्हा दोघींनाही जड जातो. आणि दिदींना सांगून जाउलोत मीठ-लिंबू घालून घ्या, घशाखाली उतरेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इथल्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी औषध दिले आणि किमान दोन दिवस थांबायला सांगितले. बरीच बोलाचाली झाल्यावर तारीख पुढे सरकवून मिळाली, जादा पैसे मात्र भरावे लागले. बेस कॅम्पचे नामचेत ठरवेन. आईला सांगितले, ती आधी चिडली आणि मग तासाभरात तिने काय खावे, काय खाऊ नये याचे तीन निरोप पाठवले. आता एकच विचारायचे राहिले : मंथलीला जाणारी ती मध्यरात्रीची गाडी धुलिखेलच्या पुढे स्वच्छतागृहासाठी कुठे थांबते का? कुणी अलीकडे गेले असेल तर कृपया कळवावे, कारण सध्या मला उंचीपेक्षा त्या चार-पाच तासांचीच जास्त धास्ती वाटते आहे.