गणित आधी कळलं की भौतिकशास्त्र? तुमचे अनुभव लिहा

मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन्ही विषय शेजारी शेजारी शिकतोय, आणि एक गोष्ट सारखी घडते. गणिताच्या तासाला जे येतंय असं वाटतं, ते फिजिक्सच्या तासाला ओळखूच येत नाही. कधी याच्या उलट होतं: एखादा साधा प्रयोग करताना दोन वर्षांपूर्वीचं गणित एकदम उलगडतं. असे क्षण तुमच्याकडेही असतील. कुठलं सूत्र होतं, कुठला प्रयोग होता, नेमकं काय अडलं होतं, ते लिहा. सराव केला की येतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. मला तो एक क्षण ऐकायचाय.

सुरुवात मीच करतो.

थर्मोडायनॅमिक्समध्ये तीन पार्शल डेरिव्हेटिव्हचा एक गुणाकार येतो. तापमान स्थिर ठेवून दाबाचा आकारमानानुसार बदल, दाब स्थिर ठेवून आकारमानाचा तापमानानुसार बदल, आणि आकारमान स्थिर ठेवून तापमानाचा दाबानुसार बदल. कागदावर बघितलं तर वरचं खालच्याशी कापून उत्तर १ यायला हवं. येतं उणे १. मी ते पाठ केलं, परीक्षेत सिद्धतेसकट लिहिलं, गुणही मिळाले. पण ते उणे कुठून आलं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते मला खुपत राहिलं.

सहा महिन्यांनी एका रात्री आदर्श वायू घेऊन बसलो. सूत्रं बाजूला ठेवली आणि डोळ्यांसमोर फक्त दट्ट्या असलेला सिलिंडर आणला. तापमान तेच ठेवून वायूला जास्त जागा दिली तर दाब उतरतो, म्हणजे पहिली राशी ऋण. दाब तोच ठेवून तापवलं तर वायू फुगतो, दुसरी धन. जागा तेवढीच ठेवून दाब वाढवायचा तर तापवावंच लागतं, तिसरीही धन. एक ऋण, दोन धन. गुणाकार ऋण असण्यावाचून गत्यंतरच नाही! मग लक्षात आलं की मी जे कापत होतो ते कापण्यासारखं नव्हतंच. एका ठिकाणी आकारमानातला बदल तापमान धरून ठेवल्यावरचा, दुसऱ्या ठिकाणी दाब धरून ठेवल्यावरचा. चिन्ह एकच, पण बदल दोन निराळे. कंसाबाहेर खाली लिहिलेलं ते बारीकसं अक्षर मी दोन वर्षं नुसतं उतरवून घेत होतो.

* * *

फार जवळचा विषय काढलात. मी सध्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घेते, पण सांगतेय ते माझ्या विद्यार्थिदशेतलं.

साधा लंबक. 'कोन लहान असेल तर सायन थीटा म्हणजे जवळजवळ थीटा' हे वाक्य फळ्यावर आलं आणि मी अडले. कॅल्क्युलेटरवर सायन १० केलं, ०.१७३६ आलं. आता १० आणि ०.१७ 'जवळजवळ' सारखे कसे? वर्गात कुणालाच हा प्रश्न पडलेला दिसला नाही, म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन एक डेसिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. दहा अंशांचा कोन आखला, कंस काढला आणि त्याच्या टोकातून खालच्या त्रिज्येवर लंब टाकला. कंस आणि लंब यांच्या लांबीतला फरक इतका थोडा होता की तो पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत मावत होता. कंसाची लांबी भागिले त्रिज्या म्हणजे रेडियन, आणि लंब भागिले त्रिज्या म्हणजे सायन. दहा अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन. ०.१७४५ आणि ०.१७३६. ते 'जवळजवळ' हेच होतं. रेडियन हे निव्वळ दुसरं एकक आहे असं मी समजत होते. प्रत्यक्षात सायनचं डेरिव्हेटिव्ह स्वच्छ कोसायन यावं यासाठी कोन रेडियनमध्येच मोजावा लागतो.

आता विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट मुद्दाम करायला लावते. एक मीटरचा लंबक घ्यायचा. सूत्राप्रमाणे २० आंदोलनांना साधारण ४०.१ सेकंद लागतात. १० अंशांवरून सोडला तर फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, तो आपल्या बोटाच्या चुकीतच बुडतो. ३० अंशांवरून सोडला की वेळ सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० आंदोलनांत साधारण ०.७ सेकंद. हा फरक साध्या स्टॉपवॉचवर दिसतो. 'लहान कोन' म्हणजे किती लहान, हे पुस्तकानं सांगण्यापेक्षा घड्याळानं सांगितलेलं चांगलं.

* * *

माझा अनुभव छोटा आहे. तबकडीचं मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे तिला फिरवायला होणाऱ्या विरोधाचं माप. इंटिग्रेशन मला चांगलं येत होतं, पण ते मांडायचं कसं हे येत नव्हतं. 'डीआर' हे माझ्यासाठी इंटिग्रलच्या शेवटी लावायचं शेपूट होतं, गाडीच्या मागच्या दिव्यासारखं. मग जाड पुठ्ठ्याची तबकडी घेऊन तिच्या एकाच केंद्राच्या अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या कड्या कात्रीनं कापल्या. एक कडी तोडून सरळ केली तर जवळपास पट्टीच झाली: लांबी परिघाएवढी, रुंदी अर्धा सेंटीमीटर. तो अर्धा सेंटीमीटर म्हणजेच 'डीआर'. प्रत्येक कडीचं वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि सगळ्यांची बेरीज. वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याच्या निम्म्याच्या अगदी जवळ उत्तर आलं. त्यानंतर इंटिग्रल मांडताना मी आधी विचारते, मी नक्की कशाचे तुकडे करतेय?

* * *

मी गणिताचा विद्यार्थी, फिजिक्स जोडविषय होता. माझी तक्रार आहे आणि ती मनापासूनची आहे.

डेल्टा फंक्शन. एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य, आणि खालचं क्षेत्रफळ १. असं फंक्शन असूच शकत नाही. एकाच बिंदूवर काहीही किंमत ठेवली तरी इंटिग्रल शून्यच राहतं, हे आम्ही त्याच सत्रात सिद्ध केलं होतं. मी वर्गात विचारलं. उत्तर मिळालं, 'वापरायला शिक, बाकीचं सोड.' त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण प्रश्न खरा होता. किती खरा ते पुढे कळलं. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक हे डेल्टा वापरत होते तेव्हा त्याला गणिताचा पक्का पाया नव्हता. तो गणितज्ञ लॉराँ श्वार्ट्झ यांनी १९४०च्या दशकात डिस्ट्रिब्युशनच्या सिद्धांतानं घातला, आणि १९५० साली त्यांना त्यासाठी फील्ड्स पदक मिळालं. डेल्टा हे फंक्शन नाहीच. ती फंक्शनवर होणारी क्रिया आहे. तिला फंक्शन द्यायचं, ती एका बिंदूवरची त्याची किंमत परत देते. हे एवढं एक वाक्य वर्गात सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

पण न्यायानं दुसरी बाजूही सांगतो. मला डेल्टा खऱ्या अर्थानं समजलं ते फिजिक्समुळेच. खिळ्यावर हातोडा बसतो तेव्हा बल क्षणार्धात वर चढतं आणि उतरतं. त्या वक्राचा आकार नेमका कसा होता, याच्याशी खिळ्याला फारसं देणंघेणं नाही. आघात एकूण किती झाला एवढंच उरतं. आकार विसरायचा आणि क्षेत्रफळ ठेवायचं. डेल्टा लिहिताना आपण हेच तर करतो.

* * *

आयगेनव्हेक्टर, म्हणजे मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट) लावल्यावरही ज्याची रेषा बदलत नाही तो व्हेक्टर. लिनिअर अल्जिब्राच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण, आणि तरी 'म्हणजे काय' याचं उत्तर शून्य.

एका आडव्या, सैल बांधलेल्या दोरीला दोन सारखे लंबक टांगले. एकाला हलवलं. तो हळूहळू थांबला आणि दुसरा झुलू लागला, मग पुन्हा पहिला. ही अदलाबदल गुंतागुंतीची दिसते. पण दोघांना एकाच बाजूला ओढून सोडलं तर दोघंही तसेच, एकत्र झुलत राहतात. विरुद्ध बाजूंना ओढून सोडलं तर विरुद्धच झुलत राहतात, वेगळ्या वारंवारतेनं. या दोनच चाली अशा आहेत ज्या स्वतःला धरून राहतात. बाकीची प्रत्येक हालचाल यांची बेरीज. त्याचा दोन बाय दोनचा मॅट्रिक्स मांडला आणि आयगेनव्हेक्टर आले (१, १) आणि (१, −१). एकत्र आणि विरुद्ध! माझ्या अंगावर काटा आला. वहीतले ते दोन आकडे समोर दोरीला लटकत होते.

भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गनी १९२५ साली क्वांटम सिद्धांताची आपली नवी मांडणी केली तेव्हा ते मॅट्रिक्सच वापरतायत हे त्यांना माहीत नव्हतं. ते ओळखलं माक्स बॉर्न यांनी. हे वाचल्यापासून, वापर आधी आणि नाव नंतर, या क्रमाची मला लाज वाटेनाशी झाली.

* * *

प्रकाशाचा वेग. परीक्षेच्या आदल्या रात्री विजेचा आणि चुंबकत्वाचा असे दोन स्थिरांक घेतले, गुणाकाराचं वर्गमूळ काढलं, व्यस्त केला. सेकंदाला २.९९८ गुणिले १० चा आठवा घात मीटर. दिव्याकडे बघत बराच वेळ बसून राहिले. याहून जास्त काही सांगता येणार नाही.

* * *

वरच्या ताईंचा आनंद अगदी खरा आहे, त्यात एक भर घालतो. आपण कोष्टकातून हे स्थिरांक घेतो तेव्हा ते उत्तर येणारच होतं, कारण विजेचा स्थिरांक बराच काळ प्रकाशाच्या वेगावरूनच ठरवलेला होता. खरा थरार त्याच्या मागे आहे. १८५६ साली वेबर आणि कोलराउश यांनी लेडन जारमध्ये (विद्युतभार साठवायच्या काचेच्या बरणीत) साठवलेला विद्युतभार दोन तऱ्हांनी मोजला: एकदा आकर्षण-प्रतिकर्षणावरून, एकदा तो वाहून जाताना होणाऱ्या चुंबकीय परिणामावरून. त्यात प्रकाश कुठेच नव्हता. त्या मोजमापातून प्रकाशाच्या वेगाजवळचा आकडा निघाला, आणि त्याचा अर्थ, म्हणजे प्रकाश ही वीज आणि चुंबकत्व यांचीच लहर आहे हे, पुढे मॅक्सवेल यांनी लावला. तुम्ही दिव्याकडे बघत बसलात ते योग्यच होतं.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रात्यक्षिकं घेणाऱ्या ताईंचं वाचून राहवलं नाही. काल एक मीटर दोरा मोजून, लोखंडी गोळ्याच्या केंद्रापर्यंतची लांबी धरून लंबक टांगला. आठ अंशांवरून २० आंदोलनं: ४०.२ सेकंद. तीस अंशांवरून: ४०.७. तीनदा केलं, तीनही वेळा ४०.७च्या आसपास. हिशेबानं ४०.८ यायला हवे होते, म्हणून आधी वाटलं लांबी चुकली. मग चौथ्यांदा घड्याळाऐवजी कोनमापकाकडे बघत राहिलो. विसाव्या आंदोलनाला गोळा जेमतेम २५ अंशांपर्यंत चढत होता. म्हणजे सगळी आंदोलनं तीस अंशांची नव्हतीच. हवेमुळे कोन वाटेत कमी होत गेला, आणि त्याबरोबर वेळही.

आज संध्याकाळी पुन्हा करणार आहे. या वेळी दर पाच आंदोलनांनी कोनही लिहून ठेवतो.