मदत हवी आहे: ओपनबीएसडीवर ४ टीबीची दुसरी डिस्क लावण्याचा नेमका क्रम

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सर्व्हरवर ठेवतो. जागा संपत आली, म्हणून तपकीर गल्लीतून ४ टीबीची डिस्क आणली. ती एसडी१ म्हणून दिसते (डिस्कची मोजणी शून्यापासून). सिस्टीम एसडी० वर आहे आणि तिला अजिबात धक्का लागता कामा नये, कारण स्कॅनही सगळे तिथेच आहेत.

एफडिस्क (डिस्कवर विभाजनाचा तक्ता लिहिणारी कमांड), डिस्कलेबल (ओपनबीएसडीचे भाग पाडणारी), न्यूएफएस (भागावर फाइल सिस्टीम तयार करणारी) यांची मॅन्युअल पानं वाचली. प्रत्येक पान आपापल्या जागी चोख आहे, पण एकामागून एक काय करायचं हे त्यांतून उलगडत नाही. नवख्या माणसाला नेमकं तेच हवं असतं! समजलं ते इतकं: ५१२ बाइटच्या सेक्टरला एमबीआर (विभाजनाच्या तक्त्याची जुनी पद्धत) साधारण २ टीबीपर्यंतच पोचतं, म्हणून जीपीटी (त्याची नवी पद्धत) हवं. मग डिस्कलेबलने भाग पाडायचे, त्यात 'सी' म्हणजे अख्खी डिस्क, त्याला हात लावायचा नाही.

आता अडलंय ते असं. या डिस्कवरून बूट करायचं नाही, तर ईएफआयचा (बूटसाठी लागणारा) भाग वगळून चालेल ना? न्यूएफएसला आरएसडी१ए ('ए' भागाचं 'रॉ' म्हणजे थेट उपकरण) द्यायचं आणि माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, एसडी१ए (त्याच भागाचं नेहमीचं उपकरण), हे बरोबर आहे का? एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) मात्र डीयूआयडीच (डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहावा असं मला वाटतं, कारण केबल बदलली की एसडीचा क्रमांक बदलू शकतो.

कुणी हे स्वतः केलं असेल तर कमांड क्रमाने लिहून द्याल का? पुण्यातलं कुणी येऊन शेजारी बसलं तर फारच उत्तम. वाचनालय संध्याकाळी उघडं असतं.